सांगलीत बसून जीएमआरटी वापरायची तर: मदत कुठे मिळते, कशी मागायची

दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आली की मिरजेहून, तासगावहून, पलूसहून येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, जीएमआरटीवर काम करायला पुण्यातल्या संस्थेतच असावं लागतं ना?" नाही लागत. जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, आणि जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला तिच्यावर वेळ मागता येतो. प्रपोजलची पारख त्यातल्या विज्ञानावर होते, आणि वेळ मंजूर झाला तर त्याचे पैसे पडत नाहीत. मी सांगलीत कॉलेजच्या मुलांना फिजिक्स शिकवते आणि त्यांच्यासोबत या दुर्बिणीच्या डेटावर काम करते. आपल्याकडच्या मुलांचं गाडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं: मदत कोणाकडे मागायची आणि मागताना काय सांगायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढते आहे.

आधी दुर्बीण नीट ओळखा

जीएमआरटी पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद गावी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलभौतिकीचं राष्ट्रीय केंद्र, म्हणजे एनसीआरए, ती चालवतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यातल्या १४ मधल्या चौकात, साधारण एक किलोमीटरच्या आवारात दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. सगळ्यात लांबच्या दोन डिशमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास जातं. डिशना पत्रा नाही, पोलादी तारांची जाळी आहे. लहरीच लांब असल्यामुळे जाळीतून त्या निसटत नाहीत, वारा मात्र आरपार जातो आणि डिश हलकी राहते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या रचनेमुळेच एवढ्या मोठ्या डिश एवढ्या संख्येने बांधणं परवडलं.

या डिशची, म्हणजे अँटेनांची, नावं पाठ करा. हे शाळकरी काम वाटेल, पण मदत मागताना आणि ऑपरेटरशी बोलताना सगळा व्यवहार याच नावांनी चालतो. मधल्या चौकात सी०० पासून सी१४ पर्यंत, पण सी०७ नाही. पूर्वेच्या फाट्यावर ई०२ ते ई०६. पश्चिमेला डब्ल्यू०१ ते डब्ल्यू०६. दक्षिणेला एस०१ ते एस०४ आणि मग एकदम एस०६. डेटात ई०१ किंवा एस०५ दिसत नाही म्हणून घाबरू नका, त्या अँटेना नाहीतच.

दुर्बीण ज्या वारंवारतांवर काम करते त्यांचे पट्टे, म्हणजे बँड, चार आहेत. बँड २ म्हणजे साधारण १२० ते २५० मेगाहर्ट्झ, बँड ३ म्हणजे २५० ते ५००, बँड ४ म्हणजे ५५० ते ८५०, आणि बँड ५ म्हणजे १००० ते १४५० च्या आसपास. नवख्याने बँड ४ ने सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिथे आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, त्रास कमी असतो, एका वेळी दिसणारं आकाश पुरेसं मोठं असतं आणि साधारण ५ विकलांपर्यंतचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारकावा दिसतो. बँड ३ मध्ये तो ८ विकलांच्या आसपास असतो, बँड ५ मध्ये २ च्या. बँड २ चं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण पहिल्या प्रोजेक्टला तिकडे जाऊ नये.

वेळ मागण्याआधी जुना डेटा उघडा

पहिल्याच वर्षी स्वतःचं निरीक्षण मिळालं पाहिजे असा हट्ट धरू नका. जीएमआरटीवर झालेल्या निरीक्षणाचा डेटा ठरावीक मुदतीपर्यंत, साधारण दीड वर्ष, ज्याने वेळ मागितला त्याच्याकडे राखून असतो. त्यानंतर तो सगळ्यांसाठी खुला होतो. हा साठा आणि प्रपोजल भरण्याची सोय एकाच ऑनलाइन व्यवस्थेत आहे. तिचं नाव नॅप्स. तिथे खातं काढायचं, स्रोताचं, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूचं, नाव किंवा आकाशातले निर्देशांक टाकून शोधायचं आणि हवा तो डेटा मागवायचा. खातं काढताना कॉलेजचा ईमेल द्या, नसेल तर तो आधी करून घ्या. पुढच्या पत्रव्यवहारात त्याचा फार उपयोग होतो.

त्याहूनही सोपी पायरी म्हणजे टीजीएसएस. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास केलेली ही आकाशाची पाहणी. त्यातल्या तयार प्रतिमा आणि स्रोतांची यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कोणालाही उतरवून घेता येते. माझ्या वर्गातला पहिला गृहपाठ यावरच असतो. टीजीएसएसमधला एक स्रोत निवडायचा आणि तोच स्रोत अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने १४०० मेगाहर्ट्झवर केलेल्या एनव्हीएसएस या पाहणीत शोधायचा. समजा १५० वर त्याची तीव्रता १ जान्स्की (रेडिओ तीव्रता मोजण्याचं एकक) आहे आणि १४०० वर ०.२. दोन्ही तीव्रतांच्या गुणोत्तराचा लॉग घ्या, वारंवारतांच्या गुणोत्तराच्या लॉगने भागा. उत्तर येतं उणे ०.७ च्या आसपास. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं हे ठरलेलं लक्षण, दूरच्या बहुतेक रेडिओ आकाशगंगा हेच दाखवतात. हाताने काढलेल्या दोन लॉगांतून हे बाहेर येतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एक सावधगिरी मात्र घ्यायची: टीजीएसएसचा बारकावा २५ विकलांचा आणि एनव्हीएसएसचा ४५ विकलांचा. एका पाहणीत दोन वेगळे दिसणारे स्रोत दुसऱ्या पाहणीत एकच दिसू शकतात. तुलना करण्याआधी हे तपासा.

प्रपोजल

वर्षाचे दोन हंगाम असतात. एक एप्रिल ते सप्टेंबर, दुसरा ऑक्टोबर ते मार्च. पहिल्यासाठी प्रपोजलं जानेवारीच्या सुमारास घेतली जातात, दुसऱ्यासाठी जुलैच्या सुमारास. नेमकी तारीख दर वेळी एनसीआरए जाहीर करतं. त्या जाहिरातीसोबत दुर्बिणीची सध्याची स्थिती सांगणारी कागदपत्रं येतात: कोणत्या बँडची संवेदनशीलता किती, कोणती सोय चालू आहे, कोणती चाचणीवर आहे. मागच्या वर्षीची प्रत वापरू नका. अनेक प्रश्नांची उत्तरं त्या कागदांतच असतात, आणि तुम्ही ते वाचलेत की नाही हे तुमच्या प्रश्नावरून समोरच्याला लगेच कळतं.

तुमचा स्रोत कोणत्या हंगामात मागायचा? इथे आपलं नक्षत्रज्ञान कामाला येतं. मृग नक्षत्र डिसेंबरच्या मध्यरात्री माथ्यावर असतं, म्हणजे त्या भागातला स्रोत ऑक्टोबर-मार्चमध्ये मागा. ज्येष्ठा मध्यरात्री सगळ्यात उंच येते ती मे महिना संपता संपता, म्हणून वृश्चिकेकडचे स्रोत एप्रिल-सप्टेंबरमध्ये. रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते, तरी बँड २ आणि ३ साठी रात्र बरी, कारण दिवसा आयनोस्फिअर जास्त खवळलेलं असतं. शिवाय त्या दिवसांत सूर्य तुमच्या स्रोताच्या जवळपास नाही ना, हेही बघा. खोडदचं अक्षांश १९ अंशांच्या जरा वर आहे आणि डिश क्षितिजापासून १७ अंशांच्या खाली वळत नाहीत. म्हणून दक्षिणेला उणे ५३ अंशांपर्यंतचंच आकाश मिळतं, आणि त्या टोकाचे स्रोत दिवसातून थोडाच वेळ हाती लागतात.

तासांचा हिशोब करताना मुलं नेहमी कमी मागतात. संकोच वाटतो त्यांना. एनसीआरएच्या संकेतस्थळावर वेळ काढण्याचं गणकयंत्र आहे: बँड, अँटेनांची संख्या आणि हवी ती संवेदनशीलता द्या, स्रोतावर किती वेळ लागेल ते ते सांगतं. पण त्यात कॅलिब्रेटरचा, म्हणजे ज्यांच्याकडे बघून दुर्बिणीची मापं जुळवतात त्या स्रोतांचा, वेळ मिळवावा लागतो. सुरुवातीला आणि शेवटी थ्रीसी ४८, थ्रीसी १४७ किंवा थ्रीसी २८६ यांपैकी एखाद्या ओळखीच्या, स्थिर स्रोताकडे (हा फ्लक्स कॅलिब्रेटर) दहा-पंधरा मिनिटं बघायचं. मध्ये दर अर्ध्या-पाऊण तासाने तुमच्या स्रोताजवळच्या दुसऱ्या कॅलिब्रेटरकडे (हा फेज कॅलिब्रेटर) चार-पाच मिनिटं. डिश वळण्यात वेळ जातो, सुरुवातीच्या जुळवाजुळवीत जातो. स्रोतावर दोन तास हवे असतील तर तीन मागा आणि का मागता ते एका ओळीत लिहा. जवळचा कॅलिब्रेटर निवडायला व्हीएलएची यादी वापरतात. त्यात ९० सेंटिमीटर लहरीसाठी तो कॅलिब्रेटर कसा आहे याचा शेरा दिलेला असतो, तो न बघता नाव उचलू नका.

आणखी एक गोष्ट प्रपोजलच्या आधीच ठरते. तुम्हाला बघायची वस्तू आकाशात मोठी पसरलेली आहे का? सगळ्यात जवळच्या दोन डिशमधलं अंतरही साधारण शंभर मीटर असल्यामुळे एका मर्यादेपलीकडची पसरट रचना दुर्बिणीला दिसतच नाही. बँड ३ मध्ये ही मर्यादा अर्ध्या अंशाच्या आसपास आहे, बँड ५ मध्ये सात कलांच्या (एक कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग). सुपरनोव्हाच्या मोठ्या अवशेषावर बँड ५ मध्ये वेळ मागणारं प्रपोजल कितीही सुंदर इंग्रजीत लिहिलं तरी टिकणार नाही.

ही सगळी छाननी जीटॅक ही समिती करते. मागणी उपलब्ध वेळेपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे नकार येणं हे नेहमीचं आहे. नकारासोबत आलेला अभिप्राय जपून ठेवा, पुढच्या हंगामात त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत प्रपोजल पुन्हा पाठवा. अचानक काही घडलं, एखादा स्फोट झाला आणि हंगामाची वाट बघणं शक्य नसेल, तर संचालकांच्या अखत्यारीत थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. तो वर्षभरात केव्हाही मागता येतो. पण घाई खरी असली पाहिजे.

पाळीची रात्र

वेळ मंजूर झाला की वेळापत्रक येतं, आणि ते तुमच्या सोयीचं असेलच असं नाही. म्हैसाळच्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर शेतकरी दोनलाच रानात उभा राहतो, तसंच हे. तुमचा स्रोत आकाशात ज्या वेळी आहे, त्या वेळी तुम्ही जागं असायचं.

निरीक्षणासाठी प्रत्यक्ष खोडदला जाता येतं, किंवा सांगलीत बसूनही सामील होता येतं. एकदा तरी जा. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, साताऱ्यावरून पुणे, पुढे नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून पूर्वेला खोडद. मुक्कामाची आणि जेवणाची सोय आवारात आहे, मात्र आधी कळवून जागा नक्की करावी लागते. मोबाइल बंद ठेवायचा नियम मनापासून पाळा. दूरच्या आकाशगंगेकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की खिशातला फोन त्याच्यापुढे प्रचंड ठरतो.

कंट्रोल रूममध्ये चोवीस तास ऑपरेटर असतात. माझ्या लेखी सगळ्या मदतीतली सर्वांत मोलाची मदत हीच. अँटेना वळवणं, सिग्नलची पातळी जुळवणं, वारा वाढला तर डिश सुरक्षित स्थितीत नेणं, हे सगळं ते करतात. तुम्ही त्यांना द्यायचं ते म्हणजे आधीच पाठवलेलं नीट सेटिंग आणि स्रोतांची यादी. बँड, मध्य वारंवारता, बँडविड्थ, चॅनलची संख्या, किती सेकंदांनी नोंद घ्यायची, कोणता स्रोत कोणत्या क्रमाने आणि किती मिनिटं. निर्देशांक कोणत्या वर्षाच्या पद्धतीतले आहेत तेही लिहा. जे२००० लिहायचं राहिलं आणि जुन्या बी१९५० चे आकडे गेले, तर दुर्बीण भलतीकडेच बघत राहील.

सुरुवात झाली की पहिल्या कॅलिब्रेटरवर ऑपरेटरला विचारा, किती अँटेना चालू आहेत? तिसातल्या एक-दोन दुरुस्तीत असणं नेहमीचं आहे. त्या कोणत्या, हे मात्र महत्त्वाचं. मधल्या चौकातली एक बंद असेल तर फारसं बिघडत नाही. फाट्याच्या टोकाच्या दोन बंद असतील तर बारकावा घसरतो, आणि तुमचं सगळं विज्ञान बारकाव्यावरच उभं असेल तर तसं तिथल्या तिथे सांगा. पाच-सहा अँटेना एकदम गेल्या, तर तेही नोंदवून घ्या. वाया गेलेल्या वेळेबद्दल नंतर लिहायचं झालं तर हीच नोंद हाताशी असावी लागते. ऑपरेटरशी मराठीत बोलायला संकोच करू नका. रात्री दोन वाजता घाबरलेल्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेत "थांब, डब्ल्यू०४ परत येतेय" असं ऐकू आलं की त्याचा जीव भांड्यात पडतो.

निरीक्षण संपल्यावर ऑपरेटरची नोंदवही, म्हणजे त्या सत्राचा लॉग, मागून घ्या आणि डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा. कोणत्या अँटेनाची वीज किती वाजता गेली, कोणती केव्हा परत आली, हे त्यात असतं. महिन्याभराने प्रतिमेत विचित्र पट्टे दिसायला लागतात तेव्हा उत्तर अनेकदा या लॉगमध्येच सापडतं.

डेटा सांगलीपर्यंत आणायचा कसा

आकडा आधी समजून घ्या. नोंद होते ती दोन-दोन अँटेनांच्या जोडीची. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. प्रत्येक जोडीसाठी दोन ध्रुवणं (लहरीच्या कंपनाचे दोन प्रकार), प्रत्येक ध्रुवणासाठी २०४८ चॅनल, आणि अशी एक नोंद दर पाच-सहा सेकंदांनी. एका तासाला दहा जीबी सहज होतात, आणि प्रक्रियेसाठी रूपांतर करताना फुगतात. म्हणून जेवढा कच्चा डेटा, त्याच्या निदान चौपट मोकळी जागा डिस्कवर ठेवा.

कच्चा डेटा एलटीए या जीएमआरटीच्या स्वतःच्या स्वरूपात असतो. लिस्टस्कॅन हा प्रोग्राम त्यातल्या सगळ्या स्कॅनची, म्हणजे एकेका स्रोताकडे सलग बघितलेल्या तुकड्यांची, यादी काढतो आणि जीव्हीफिट्स त्या यादीप्रमाणे फिट्स या खगोलशास्त्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्वरूपातली फाइल बनवतो. इथे एक फार उपयोगी गोष्ट आहे: मधली यादी ही साधी मजकुराची फाइल असते, ती उघडून नको ते स्कॅन वगळता येतात. सरावासाठी अख्खं सत्र कशाला घ्यायचं? एक फ्लक्स कॅलिब्रेटर, एक फेज कॅलिब्रेटर आणि स्रोताचा एक तुकडा ठेवा. मुलांच्या लॅपटॉपवरही ते चालतं.

डाउनलोड मध्येच तुटलं तर जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होईल अशी कमांड वापरा, ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. रात्री लावा. वीज जाते तिथे यूपीएस हवाच, आणि लांबलचक काम स्क्रीन किंवा टीमक्समध्ये चालवा म्हणजे खिडकी बंद झाली तरी काम थांबत नाही. आणि एक अगदी सांगलीची गोष्ट: हार्ड डिस्क तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते इथे कोणाला सांगायला नको. एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक गावाबाहेर, हा नियमच करून टाका.

प्रक्रियेसाठी कासा हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. लिनक्सवर चालवा, १६ जीबी रॅम असली तर बरं. व्हीएलए चालवणारी अमेरिकन संस्था कासासोबत सरावाचे धडेही देते. व्हीएलएच्या २७ डिश, प्रत्येकी २५ मीटरच्या, न्यू मेक्सिकोत आहेत. तिथल्या डेटावर वेधशाळाच पाइपलाइन, म्हणजे सगळ्या पायऱ्या आपोआप करणारा प्रोग्राम, चालवून कॅलिब्रेशन करून देते. त्या धड्यांवर वाढलेल्या मुलाला जीएमआरटीचा कच्चा डेटा बघून धक्का बसतो, कारण इथे साफसफाई स्वतः करावी लागते. ती करताना खूप शिकायला मिळतं. रुता काळे आणि ईश्वरचंद्र यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली कॅप्चर ही पाइपलाइन त्यासाठी खुली आहे. कासावर चालते आणि अपग्रेड झालेल्या जीएमआरटीच्या डेटासाठीच लिहिलेली आहे. पण पहिला डेटासेट तरी पाइपलाइनशिवाय, हाताने करा. कोणत्या पायरीला काय बिघडतं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाइपलाइनच्या निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

साफसफाईत सगळ्यात जास्त वेळ खातो तो माणसांचा गोंगाट: मोबाइलचे मनोरे, उपग्रह, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या. बँड ३ मध्ये २५० मेगाहर्ट्झच्या जवळ उपग्रहांचा त्रास ठरलेला. एकेका चॅनलचा आलेख उघडून बघा आणि खराब भाग काढून टाका. काढण्यात कंजूषपणा करू नका, पण जे काढलं ते का काढलं याची वही ठेवा.

मदतीचं पत्र

हे नीट जमलं तर बाकीचं आपोआप जुळत जातं, म्हणून इथे थांबून सांगते. मुलं पहिलं पत्र असं लिहितात: "रिस्पेक्टेड सर, आमचा डेटा नीट येत नाहीये, प्लीज हेल्प." यावर कोणीही काय उत्तर देणार? वेधशाळेतला माणूस भला असतो, पण त्याला उलटे पाच प्रश्न विचारावे लागतात आणि त्यात आठवडा जातो.

त्याऐवजी असं लिहा:

"आमचा प्रस्ताव क्रमांक अमुक. १४ नोव्हेंबरच्या रात्री बँड ४ मध्ये निरीक्षण झालं. फ्लक्स कॅलिब्रेटर थ्रीसी ४८. रात्री १:१० ते १:५० या वेळात ई०४ आणि ई०५ यांची फेज आरआर ध्रुवणात भरकटलेली दिसते, एलएलमध्ये ठीक आहे. पूर्वेच्या बाकीच्या अँटेना ठीक आहेत. सत्राच्या लॉगमध्ये त्या वेळची काही नोंद नाही. आलेख जोडला आहे. कासाची आवृत्ती आणि वापरलेली कमांड खाली दिली आहे. एवढाच काळ वगळावा, की या दोन अँटेना पूर्ण सत्रासाठी काढाव्यात?"

बघा, यात प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. काय तपासलं तेही सांगितलं आहे. त्रुटीचा संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा चिकटवा, स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका, त्यातला मजकूर शोधता येत नाही. पत्र इंग्रजीतच जाणार असतं, तरी माझ्या मुलांना मी आधी मराठीत लिहायला लावते. काय विचारायचं आहे ते स्वतःलाच स्पष्ट नसलं तर मराठीत ते लगेच उघडं पडतं.

पत्र योग्य दारात जायला हवं. प्रपोजल आणि मुदतीबद्दलचं जीटॅककडे. वेळापत्रक, सेटिंग, त्या रात्रीची अडचण हे सगळं वेधशाळेच्या निरीक्षण विभागाकडे. डेटा मिळत नाही, फाइल उघडत नाही, हे साठा सांभाळणाऱ्यांकडे. एनसीआरएच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचे पत्ते दिलेले आहेत. कासाच्या बिघाडासाठी कासाचंच स्वतंत्र मदतकेंद्र आहे. तो प्रश्न खोडदला पाठवून तिथल्या लोकांचा वेळ घेऊ नका. आणि विज्ञानाचा प्रश्न असेल, म्हणजे "या स्रोतात मला जे दिसतंय त्याचा अर्थ काय", तर तो त्या विषयावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला, त्याचा निदान एक शोधनिबंध वाचून मगच विचारा. उत्तर येतं. न आलं तर पंधरा दिवसांनी नम्रपणे एकदा आठवण करा.

माणसं जोडायची दारं

कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था मोठा आधार आहे. विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना खगोलशास्त्रात काम करता यावं म्हणूनच ती १९८८ मध्ये उभी राहिली. तिथे व्हिजिटिंग असोसिएट होता येतं. त्यात प्रवासाची आणि मुक्कामाची सोय होते, ग्रंथालय आणि संगणक मिळतात, आणि एनसीआरए त्याच विद्यापीठ परिसरात असल्यामुळे चालत जाऊन माणसाला भेटता येतं. सुट्टीतले दोन आठवडे तिथे घालवले की वर्षभराचे ईमेल वाचतात. माझ्या बरोबरीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, हा अर्ज करा. वर्गातल्या मुलांसाठी करा.

विद्यार्थ्यांसाठी एनसीआरए आणि आयुका मिळून हिवाळ्यात रेडिओ खगोलशास्त्राचं शिबिर घेतात. त्यात लहान अँटेना वापरून मुलं स्वतः प्रयोग करतात. जाहिरातीवर लक्ष ठेवा, शिफारसपत्र लागलं तर शिक्षकांना शेवटच्या दिवशी सांगू नका. निवड झाली नाही तरी कमी वारंवारतेच्या रेडिओ खगोलशास्त्रावरची एनसीआरएची व्याख्यानं मोफत वाचायला मिळतात. त्यातले इंटरफेरोमेट्रीवरचे, म्हणजे अनेक डिशचे सिग्नल एकत्र जोडण्याच्या तंत्रावरचे, सुरुवातीचे धडे दोघा-तिघांनी मिळून, फळ्यावर गणित करत वाचावेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळेतल्या धाकट्या भावंडांनाही घेऊन जा.

पेपर लिहिताना

निकाल प्रसिद्ध करताना प्रस्ताव क्रमांक मजकुरात द्या, म्हणजे दुसऱ्याला तोच डेटा शोधता येतो. आभारात जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख ठरलेल्या शब्दांत करायचा असतो. ते वाक्य संकेतस्थळावर दिलेलं आहे, तेच वापरा. साठ्यातला जुना डेटा वापरला असेल तरीही हे करायचं, आणि त्या निरीक्षणासाठी मुळात ज्यांनी वेळ मागितला होता त्यांचा शोधनिबंध असेल तर त्याचाही उल्लेख करा. पेपर स्वीकारला गेला की वेधशाळेला कळवा. आणि त्या रात्री ज्या ऑपरेटरने तुमचं सत्र चालवलं, त्यांच्यापर्यंत प्रतिमेची एक प्रत पोचेल असं बघा. त्यांनी जुळवून दिलेल्या आकड्यांतून काय दिसलं, हे त्यांना सहसा कोणी दाखवत नाही.